'मिस्त्री आहे ना' म्हणणाऱ्यांना

आर्किटेक्टांचा परिसंवाद असो, नाहीतर चहाच्या टपरीवर जमलेले चार जण असोत, कम्प्युटेशनल डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशनचा, म्हणजे संगणकाच्या गणिताने आकार ठरवण्याचा आणि संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राने तो घडवण्याचा, विषय निघाला की ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने येतात. पोरं स्टुटगार्टला, लंडनला, बार्सिलोनाला जातात, दोन वर्षं रोबोशी खेळतात, एक वेडावाकडा मंडप उभा करतात आणि परत येऊन आमच्याकडेच नोकरी मागतात. सॉफ्टवेअर काय, यूट्यूबवरही शिकता येतं. आपल्याकडे मजुरी स्वस्त, रोबो हवाय कुणाला? आणि शेवटी टाळीचं वाक्य: 'आपल्याकडे मिस्त्री आहे ना!'

असं म्हणणारी मंडळी बहुधा वयाने आणि कामाने मोठी असतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, या मताबद्दल नाही. त्यांच्या आक्षेपांना उत्तर द्यायचं आहे, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. काही आक्षेपांत दम आहे, काहींत फक्त आवाज.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. वाद असा चालतो, जणू यंत्र अजून वेशीबाहेर उभं आहे आणि त्याला गावात घ्यायचं की नाही हे पंचांनी ठरवायचंय. ते केव्हाच घरात शिरलं. पुण्यातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटमधलं देवघर बघा. मागची ती एमडीएफची जाळी, कमळाची नाहीतर वेलबुट्टीची, कुठल्या सुताराने पटाशीने कोरलेली नाही. ती सीएनसी राउटरवरून कापून आली. सोसायटीच्या गेटवरचं पत्र्यातलं नाव लेझरने कापलेलं. भोसरीपासून गोकुळ शिरगावपर्यंत प्रत्येक औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारी कटिंगची दुकानं आहेत. चाकणच्या वाहन कारखान्यांत रोबो वर्षानुवर्षं वेल्डिंग करताहेत. डिजिटल फॅब्रिकेशन महाराष्ट्रात आलं, रुळलं आणि जुनंही झालं. त्याला काय सांगायचं हे ज्याला कळतं असा डिझायनर मात्र आलेला नाही.

पटत नसेल तर अशा एखाद्या दुकानात अर्धा तास उभं राहा. आर्किटेक्टच्या ऑफिसातून फाइल येते. ऑपरेटर ती उघडतो आणि मान हलवतो. एकावर एक दोन रेषा पडलेल्या असतात. पडद्यावर एकच दिसते, यंत्राला मात्र दोन दिसतात, आणि ते इमानेइतबारे एकाच जागी दोनदा कापतं. कड काळी पडते. कुठे आकार बंदच झालेला नसतो, अर्ध्या मिलिमीटरचं तोंड उघडं राहिलेलं असतं. कुठे वर्तुळ हे वर्तुळ नसतंच, बारीक सरळ तुकड्यांची माळ असते, आणि कटर प्रत्येक तुकड्याशी अडखळत जातो. कुठे दोन भोकांच्या मधली पट्टी इतकी बारीक, की कापता कापता तीच जळून जाईल. आयटीआय झालेला तो विशीतला पोरगा निमूटपणे हे सगळं दुरुस्त करतो, तुकडे शीटवर असे बसवतो की माल कमीत कमी वाया जाईल, आणि मग यंत्र सुरू करतो. त्याने काय दुरुस्त केलं हे आर्किटेक्टला कधीच कळत नाही. पुढच्या महिन्यात तशीच फाइल पुन्हा येते.

हेच साइटवरही चालतं. ड्रॉइंगमध्ये जिना वळताना डोकं आपटतं, दगडाच्या दोन फरश्या कोपऱ्यात जुळत नाहीत, वक्र भिंतीला कुठून माप धरायचं ते लिहिलेलंच नसतं. विचारलं की उत्तर एकच: 'साइटवर बघून घेऊ.' बघून कोण घेतो? मिस्त्री. दोरी, ओळंबा आणि लेव्हल ट्यूब घेऊन तो ती भूमिती सोडवतो, जी सोडवायची फी आर्किटेक्टने घेतलेली असते. म्हणून 'मिस्त्री आहे ना' हे वाक्य ऐकलं की मला त्यात कारागिराचा सन्मान ऐकू येत नाही. स्वतःचं अर्धं काम फुकटात दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याची सवय ऐकू येते. पदव्युत्तर पातळीवर हा विषय शिकायचा तो मुख्यतः ही सवय मोडायला.

आता सॉफ्टवेअरचा आक्षेप. यातला निम्मा भाग खरा आहे. ग्रासहॉपर हे या क्षेत्रातलं सर्वांत परिचित साधन डेव्हिड रुटन यांनी २००७ च्या सुमारास तयार केलं. आज ते राइनो या प्रोग्रॅमसोबतच मिळतं. पडद्यावर डबे मांडायचे, तारांनी जोडायचे, एका डब्यातला आकडा बदलला की पुढचं सगळं बदलतं. याचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत आणि चांगले आहेत. तीन महिने चिकाटीने बसलं तर कुणालाही येतं. नुसतं एवढंच शिकायला जो परदेशी जातो, त्याने खरंच घरी बसावं.

पण आकडा कुठला धरायचा आणि तो कुणावर अवलंबून ठेवायचा, हे त्या धड्यांत नसतं. एक साधं उदाहरण घ्या. बाजारातून '६ एमएम' म्हणून आणलेली प्लायची शीट व्हर्नियरने मोजा. कधी साडेपाच भरते, कधी पावणेसहा. एकाच शीटच्या दोन टोकांना दोन मापं निघतात. आता या प्लायच्या फळ्यांना खाचा पाडून, खिळा-गोंद न वापरता, त्या एकमेकांत अडकवायच्या आहेत. खाच सहाची ठेवली तर जोड खुळखुळतो. साडेपाचची ठेवली तर काही जागी हातोडीशिवाय बसत नाही, आणि हातोडी मारली की वरचा पापुद्रा सुटतो. त्यात लेझर स्वतःच्या वाटेने थोडं लाकूड खातो. किती खातो ते लेन्सवर, वेगावर आणि त्या दिवशीच्या मालावर ठरतं. जुलैत पुण्याच्या दमट हवेत तीच शीट आणखी फुगते. फाइलमध्ये जाडीला एक अक्षर दिलेलं असेल, आणि हजार खाचांची रुंदी त्या एका अक्षराला बांधलेली असेल, तर मोजमाप घ्यायचं, एक आकडा बदलायचा, चाचणीचे दोन तुकडे कापायचे, हाताने अडकवून बघायचे, की पुढे सरकता येतं. तसं नसेल तर हजार खाचा पुन्हा काढा.

सगळ्या पॅरामेट्रिक डिझाइनचं बीज या एका अक्षरात आहे. लाटांसारखी छतं आणि माशाच्या खवल्यांसारख्या भिंती हा त्याचा वरचा वर्ख. वर्ख विकणारे खूप आहेत, हे मान्य. आर्किटेक्ट पॅट्रिक शूमाखर यांनी २००८ मध्ये 'पॅरामेट्रिसिझम' नावाची शैलीच जाहीर करून टाकली, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की हा विषय म्हणजे वाकड्या इमारती. तो घोटाळा निस्तरायला अजून बरीच वर्षं लागतील. पण विषयाची परीक्षा त्याच्या जाहिरातीवरून घ्यायची नसते.

मंडपांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त टिंगल त्यांचीच होते. 'दोन वर्षांत एक मंडप! आमचा डेकोरेटर एका रात्रीत बांधतो.' ऐकायला मजा येते. आता स्टुटगार्टचं बघू. तिथे आखिम मेंगेस यांच्या इन्स्टिट्यूटमधले आणि यान क्निपर्स यांच्या बांधकाम-अभियांत्रिकीच्या इन्स्टिट्यूटमधले लोक मिळून २०१० पासून असे मंडप उभारत आले, आणि त्यांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे हात होते. २०११ चा मंडप साडेसहा मिलिमीटरच्या प्लायचा. समुद्री अर्चिनच्या एका जातीचं कवच जसं पाट्या एकमेकींत दातांनी अडकून बनतं, तसे प्लायचे तुकडे दातेरी जोडांनी अडकवलेले. हे दातेरी जोड रोबोने कापले, कारण प्रत्येक जोडाचा कोन वेगळा होता. लोकांनी फोटो काढले आणि टिंगल करणाऱ्यांनी टिंगल केली.

तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, श्वेबिश ग्म्युंड या शहरात त्याच तत्त्वावर एक प्रदर्शन-दालन उभं राहिलं. दालन म्हणजे छप्पर, इन्सुलेशन आणि पाऊस बाहेर ठेवण्याची व्यवस्था असलेली खरी इमारत. त्यात बीच लाकडाच्या प्लायच्या २४३ पाट्या, एकसारखी एकही नाही, आणि सुमारे ७६०० दातेरी जोड. भार पेलणाऱ्या त्या कवचाची जाडी ५० मिलिमीटर. मग २०१९ मध्ये हाइलब्रॉनच्या बागकाम प्रदर्शनात ३७६ लाकडी खोकी जोडून ३० मीटरचा गाळा खांबाशिवाय झाकला. मंडप, मग दालन, मग तीस मीटरचं छत. आठ वर्षांची ही सलग वाट आहे. पहिल्या पायरीवर उभं राहून 'एवढंच?' म्हणायचं आणि पुढच्या दोन पायऱ्यांकडे पाठ फिरवायची, याला टीका म्हणत नाहीत.

२०१९ मध्येच स्टुटगार्टजवळच्या उर्बाख गावात १४ मीटर उंचीचा एक लाकडी मनोरा उभा राहिला. त्याची गोष्ट मला इथल्या सुतारांना सांगायला फार आवडते. लाकूड सुकलं की बाक धरतं, हे सुताराचं जुनं दुखणं. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जेमतेम आक्रसतं, आडव्या दिशेने पुष्कळ आक्रसतं. म्हणून तर आपण लाकूड मुरवतो, वाळवतो, आणि तरी दार पावसाळ्यात अडकतंच. उर्बाखमध्ये संशोधकांनी ओलसर लाकडाचे दोन थर तंतूंच्या दिशा बदलून एकमेकांना चिकटवले आणि सपाटच्या सपाट वाळवायच्या भट्टीत घातले. एक थर जास्त आक्रसायला बघतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, आणि फळी आपोआप वळते. किती वळेल याचं गणित आधीच केलेलं. बाहेर काढल्या त्या ठरलेल्या वक्रतेच्या फळ्या, मग त्या एकावर एक चिकटवून तो वाक कायमचा पक्का केला. वाकवायला ना साचा लागला, ना अवजड प्रेस. इथे रोबो गौण आहे. मुख्य आहे ते लाकडाचं ज्ञान आणि ते आकड्यांत बसवण्याचं धैर्य. सुतार हे ऐकून हसतो आणि लगेच विचारतो, 'मग पावसात परत सरळ नाही होणार?' नेमका हाच प्रश्न त्या संशोधकांनाही सोडवावा लागला होता. आमच्या ज्येष्ठांपैकी कुणी तो विचारल्याचं मला आठवत नाही.

आता मजुरीचं. 'आपल्याकडे मजूर स्वस्त, म्हणून हे तंत्र आपल्या कामाचं नाही', या युक्तिवादात एक गृहीतक लपलंय: कम्प्युटेशनल डिझाइन म्हणजे रोबो. ते चूक आहे, आणि चूक का आहे ते दोन भिंती शेजारी ठेवून दाखवता येतं. स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावी गांटेनबाइन यांच्या वाइनरीची भिंत २००६ मध्ये झाली. फाबिओ ग्रामात्सिओ आणि माथियास कोहलर यांनी रोबोकडून सुमारे २०,००० विटा प्रत्येकी किंचित वेगळ्या कोनात लावून घेतल्या. फटींतून उजेड आणि हवा हवी तेवढीच आत येते, आणि लांबून बघितलं तर भिंतीवर द्राक्षांचे घड दिसतात. स्वित्झर्लंडमधली मजुरी पाहता रोबो योग्यच होता. दुसरी भिंत शांघायची. आर्ची-युनियन या फर्मने २०१० च्या सुमारास स्वतःच्या ऑफिसला रेशमी कापडासारखी लहरणारी काँक्रीट ब्लॉकची भिंत बांधली. रोबो नव्हता. संगणकावर काढलेले कोन मोजक्या साच्यांत बसवले, साचे गवंड्यांच्या हातात दिले आणि गवंड्यांनी भिंत लावली. गणिताची जात दोन्हीकडे एकच होती, फक्त हात वेगळे होते. स्वस्त मजुरी हे या अभ्यासाविरुद्धचं कारण होऊ शकत नाही, हे शांघायने दाखवून बरीच वर्षं झाली. उलट, ज्या देशात हाताचं कौशल्य अजून साइटवर उपलब्ध आहे, तिथेच हे ज्ञान सर्वांत कमी भांडवलात वापरता येतं.

शांघाय लांब वाटत असेल तर कोपरगावला जा. तिथल्या शाळेतलं माया सोमैया ग्रंथालय २०१८ मध्ये पूर्ण झालं. समीप पडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. जमिनीतूनच उगवल्यासारखं वर येणारं आणि पुन्हा जमिनीत उतरणारं पातळ विटांचं छत, आणि त्यावरून पोरं चालत जातात. आकार ठरवायला झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठातल्या फिलिप ब्लॉक यांच्या संशोधन गटात तयार झालेलं राइनोव्हॉल्ट हे साधन वापरलं. भार कुठल्या वाटेने जमिनीत उतरेल ते त्यात हलवून बघता येतं, आणि सगळं छत फक्त दाबाखाली राहील असा आकार सापडेपर्यंत फिरवता येतं. बांधायची पद्धत मात्र कॅटलान, शेकडो वर्षांची, पातळ विटांचे थर एकावर एक देण्याची. या कामात ईटीएचमधलं संशोधन आहे, स्पेनमधली जुनी रीत आहे आणि नगर जिल्ह्यात प्रत्यक्ष विटेला वीट लावणारे हात आहेत. हे छत नुसत्या मिस्त्रीच्या भरवशावर झालं नसतं आणि नुसत्या सॉफ्टवेअरवरही झालं नसतं. ज्याला दोन्हीकडची भाषा येते अशा माणसाशिवाय तर नाहीच.

आणि स्वस्त मजूर म्हणजे तरी कोण? २०२० च्या टाळेबंदीत तो पायी बिहारला, बंगालला, छत्तीसगडला निघाला, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या साइट महिनोन्महिने ओस पडल्या होत्या. त्याच्या पोराला गवंडी व्हायचं नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याची आपली लायकी नाही. 'मिस्त्री आहे ना' हे वाक्य अजून वीस वर्षांनी म्हणता येईल, असं कुणाला खरोखर वाटतंय?

काही मंडळी वेगळ्या बाजूने येतात. 'हे सगळं आपल्या हेमाडपंती देवळांत होतंच. चुन्याशिवाय दगडावर दगड. परदेशातून काय शिकायचं?' सिन्नरच्या गोंदेश्वरासमोर उभं राहिलं की मीही थक्क होतो. पण अभिमान बाळगणाऱ्यांना एवढंच विचारायचंय की, त्या खांबांतला एक सांधा आज तुम्ही काढून दाखवाल का? कापून घेणं नंतरचं, आधी कागदावर काढा. चुन्याशिवाय दगडावर दगड रचण्याचं काम आज कुठे झालं ते ऐका: २०१६ च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला-प्रदर्शनात. ब्लॉक यांच्याच गटाने टेक्सासमधल्या एस्कोबेडो समूहाच्या दगडकाम करणाऱ्यांसोबत चुनखडीच्या ३९९ दगडांचं एक कवच उभं केलं. सोळा मीटरचा गाळा, काही ठिकाणी जाडी जेमतेम पाच सेंटीमीटर, ना चुना, ना सळई. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दगडाची वरची बाजू त्यांनी सपाटच ठेवली, म्हणजे कापताना दगड उलटवावा लागत नाही. खालची वक्र बाजू गुळगुळीत घासत बसण्याऐवजी करवतीने ओळीने चरे पाडले, मधल्या पातळ चकत्या हातोडीने उडवल्या आणि तो खडबडीतपणा तसाच सोडला. यंत्राचा वेळ वाचला, आणि छताला जो पोत आला तो कुणी 'डिझाइन' म्हणून काढला नसता. यंत्राला सुटी कुठे आणि हातोडीला काम कुठे, हे ठरवणं म्हणजेच या विषयाचं शिक्षण. यादवकाळातल्या स्थपतीला ते कळत होतं. आपल्याला कळत नाही, कारण दगड फोडणाऱ्या वडाराला आपण वर्गाच्या आसपासही फिरकू दिलेलं नाही.

आता विरोधकांच्या बाजूने दोन शब्द, कारण जिथे ते बरोबर आहेत तिथे त्यांना बरोबर म्हणायलाच हवं.

खर्चाबद्दल ते बरोबर आहेत. लंडनच्या खासगी संस्थांची फी भरायला घर गहाण टाकणारे आईबाप असतात, आणि त्यांना कुणी सांगत नाही की यांतले बहुतेक अभ्यासक्रम त्या देशात आर्किटेक्ट म्हणून सही करण्याचा परवाना देत नाहीत. ईटीएचचा आर्किटेक्चर आणि डिजिटल फॅब्रिकेशनमधला एमएएस हा वर्षभराचा अभ्यासक्रम उत्तम आहे. पण तो निरंतर शिक्षणाच्या वर्गातला आहे, नेहमीची मास्टर्स पदवी नव्हे. उलट, स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो फी आहे. लंडनच्या मानाने कितीतरी कमी. हा फरक नीट समजावून सांगणारा सल्लागार मला क्वचितच भेटलाय. प्रवेश मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्यांना महागड्या अभ्यासक्रमात रस असतो, हे उघड आहे. तेव्हा 'कुठेही जा, फक्त जा' असं मी कुणाला सांगत नाही. तिथे कार्यशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, अभियंते त्याच वर्गात बसतात का, आणि शेवटी हातात चित्र येतं की कोसळेपर्यंत वजन टाकून तपासलेली वस्तू, हे तीन प्रश्न विचारून जावं.

थ्रीडी प्रिंटिंगच्या गाजावाजाबद्दलही ते काही अंशी बरोबर आहेत. बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधलं टपाल कार्यालय एल अँड टीने छापून काढलं, ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. १०२१ चौरस फुटांची इमारत दीड महिन्याच्या आसपास उभी राहिली, वेळ वाचला, हे चांगलंच. पण साधी भिंत यंत्राने छापली म्हणजे कम्प्युटेशनल डिझाइन झालं, असं होत नाही. छापायचंच असेल तर अशी गोष्ट छापा, जी एरवी जमणारच नाही. झुरिचजवळ ड्युबेनडॉर्फमध्ये डीफॅब हाउस या घराचा स्मार्ट स्लॅब करताना संशोधकांनी काँक्रीट छापलं नाही, वाळूचे साचे छापले. ताण जिथे आहे तिथेच जाडी ठेवली, बाकी ठिकाणी ती वीस मिलिमीटरपर्यंत उतरवली, आणि स्लॅबचं वजन नेहमीच्या निम्म्याहून कमी झालं. आपल्या इमारतींत सर्वांत जास्त काँक्रीट स्लॅबमध्येच जातं. ताण कुठे आहे न बघता आपण सगळीकडे पाच इंच ओततो, मग नदीतली वाळू कोण उपसतो म्हणून अग्रलेख लिहितो. वाळूचा आणि सिमेंटचा खरा हिशोब मांडायचा असेल, तर असा स्लॅब कुणीतरी इथल्या सेंट्रिंगवाल्याला जमेल अशा पद्धतीने करून दाखवायला हवा. ते काम दोन वर्षांच्या प्रबंधाचं आहे, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं नाही.

नोकरीचा टोमणा मात्र मी परत करतो. पोरगी स्टुटगार्टहून परत येते, तुमच्याकडे नोकरी मागते, आणि तुम्ही तिला काय देता? टॉयलेटची ड्रॉइंग आणि क्लायंटला दाखवायचे रेंडर. वर्षभराने म्हणता, 'बघा, शिकून काय फरक पडला?' तिला एकदा त्या लेझरच्या दुकानात पाठवून बघा. तुमचा महिन्याचा मटेरियलचा खर्च किती घटतो ते बघा, मग बोला.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळं लवकरच निरुपयोगी ठरेल, असाही एक नवा सूर आहे. चित्र काढून देणाऱ्या यंत्राने आजवर डबल रेष ओळखलेली नाही की प्लायची जाडी मोजलेली नाही. ते करू लागेल त्या दिवशी पुन्हा बसून बोलू.

आता ज्येष्ठांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी 'जवळजवळ काहीही बनवायचं कसं' असा अभ्यासक्रम १९९८ मध्ये सुरू केला आणि त्यातून फॅब लॅबची, म्हणजे डिजिटल यंत्रांच्या खुल्या कार्यशाळेची, कल्पना निघाली. एमआयटीबाहेर ज्या अगदी पहिल्या काही फॅब लॅब उघडल्या, त्यांतली एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात सुरू झाली. शिरूर तालुक्यातलं, तेव्हा दुष्काळी म्हणून ओळखलं जाणारं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले होते आणि १९८३ मध्ये त्यांनी हा आश्रम सुरू केला. शाळेतून बाहेर फेकली गेलेली पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, इलेक्ट्रिकल असं सगळं हाताने करत शिकतील, ही त्यांची धारणा. तिथले घुमट, त्रिकोणांच्या भूमितीने बांधलेले आणि फेरोसिमेंटने लिंपलेले, पाबळ डोम म्हणून ओळखले जातात. जगाच्या नकाशावर डिजिटल फॅब्रिकेशनचा ठिपका पुण्याआधी पाबळवर पडला, आणि पुण्यातल्या आर्किटेक्चर कॉलेजांना त्याचा पत्ता नव्हता. कारण तिथे शिकवणारे प्राध्यापक नव्हते आणि शिकणारे बी.आर्क. नव्हते.

तेव्हा 'परदेशी जाऊ नका' असं म्हणणाऱ्यांनी इथे काय उभं करणार ते सांगावं. माझी मागणी छोटी आहे. पदव्युत्तर वर्गात पहिल्या दिवसापासून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर. एक राउटर, एक लेझर, आणि मोडेपर्यंत वजन लादता येईल असं मोकळं अंगण. रोबोचा हात तिसऱ्या वर्षी आला तरी चालेल, न आला तरी चालेल. त्याशिवाय एक गवंडी, एक सुतार आणि भोसरीच्या दुकानातला तो ऑपरेटर, हे तिघे शिक्षक म्हणून, इतर शिक्षकांच्या दराने. गवंड्याने वीट धरावी, विद्यार्थ्याने त्याला 'हा कोन का?' विचारावं, आणि दोघांनी मिळून तो कोन आकड्यात लिहावा.

हे करायला निघालं की पहिली अडचण यंत्राच्या किमतीची येत नाही. कॉलेजच्या मानधनाच्या फॉर्मवर 'शैक्षणिक अर्हता' असा एक रकाना असतो, आणि तो कोरा ठेवला तर अकाउंट्सचा माणूस फॉर्म परत पाठवतो. मग आठवडाभर विद्यार्थ्यांना कमान लावायला शिकवलेल्या गवंड्याचं बिल 'किरकोळ दुरुस्ती व देखभाल' या शीर्षाखाली मंजूर करून घ्यावं लागतं.